सेटअपमधला तिसरा चौकोन

१

“तो चौकोन काढ, आजी. आत्ताच्या आत्ता काढ. नाहीतर मी हे मशीन उचलते नि गॅलरीतून खाली टाकते.”

“टाक. खाली मंडपवाले बांबू बांधतायत. कोणाच्या टाळक्यात पडलं तर पोलिसांना तूच सांग, का टाकलं ते.”

“चेष्टा नकोय मला!”

“मग ओरडू नकोस. भिंतीपलीकडे प्रितीचं पोर आत्ता कुठे झोपलंय.”

अनुजा माझी नात. आईवेगळी पोर, ह्याच खोलीत माझ्या हाताखाली वाढली. यंदा वैशाखात तिचं लग्न झालं, माझगावच्या कोळीवाड्यातल्या कल्पेशशी. सासरी गेली तरी दुपारी काळाचौकीला माझ्याकडे कामाला येते. बोर्डावर सोल्डर मारायला तिच्यासारखा हात मी पाहिलेला नाही, आणि माझ्याशी भांडायला तिच्यासारखं तोंडही नाही.

“उद्या पहाटे तो बोट घेऊन बाहेर पडतोय,” ती म्हणाली. आवाज खाली आला होता. “पहिल्यांदा तांडेल म्हणून. सगळी बोट त्याच्या शब्दावर. आणि तुझ्या ह्या डबड्यात त्याचं नाव आलंय. कोणीतरी त्याच्याकडे आलंय म्हणे.”

“म्हणून तर ठेवायचं. पुसून टाकलं तर पुढचं विचारणार कोणाला?”

“बघ, हेच. तुला फक्त विचारायचंय. तुला मजा वाटतेय. माझा नवरा आहे तो, आजी.”

“चौकोन पुसला की चौकोन जाईल, अनुजा. उत्तर देणारा कसा जाईल?”

मशीन टेबलावर सुरू होतं, त्याचा निळा उजेड तिच्या मंगळसूत्रावर पडला होता, आणि आम्ही दोघी त्या पडद्याकडे न बघता एकमेकींकडे बघत होतो.

२

सेटअप म्हणजे मशीन पुरतं जागं होण्याआधीचं पान. बटण दाबल्याबरोबर एक की धरून ठेवली की पडदा निळा होतो, आणि तारीख काय, वेळ काय, कशावरून सुरू होऊ, असलं काहीबाही विचारतो. बहुतेक मशीनांत तिथे आपण दिलेल्यातलं एक निवडायचं, बस. आपल्या मनाचं काही लिहायचं असेल तर त्या पानावर लिहिण्याचा चौकोन घालावा लागतो. तो घालायचा म्हणजे बोर्डावरच्या नखाएवढ्या चिपमधला मूळ प्रोग्राम बदलायचा. त्यालाच फर्मवेअर म्हणतात. ते मी बदलते.

कोणी शिकवलं असं लोक विचारतात. कोणी नाही. गिरणीचं वाइंडिंग खातं सुटलं तेव्हा लॅमिंग्टन रोडच्या एका व्यापाऱ्याचे रेडिओ घरी जोडून द्यायला लागले. मग टीव्ही आले, मग कॉम्प्युटरचे बोर्ड. इंग्रजी मी त्या बोर्डांच्या माहितीपत्रकांतून शिकले. त्यामुळे शॉर्टसर्किट कुठे झालंय ते मला इंग्रजीत सांगता येतं, ‘कशा आहात’ विचारता येत नाही. अडलं नाही कधी.

हे काम सांगितलं शेवंताने, कल्पेशच्या आईने. नवरा गेल्यावर ‘पद्मसागर’ बोट तीच चालवते, म्हणजे डिझेल, बर्फ, माणसं सगळं तिच्या हातात, आणि दुपारी भायखळ्याला पाटीवर बसून मासळीही विकते. बोटीवर मासळी शोधायला आणि नकाशा दाखवायला एक पेटीएवढं मशीन असतं. सगळ्या बोटींवरची सारखीच. दुरुस्तीला गेली की अदलाबदल होते, आणि वरून चिकटवलेली नावं खाऱ्या पाण्याने दोन फेऱ्यांत निघून येतात.

“नाव मशीनच्या पोटात घाल, विहीणबाय,” शेवंता म्हणाली. “तिथं पानी पोचनार नाय.”

नवं मशीन आलं. मी बसले. चौकोन घालायचा तर त्याला वर एक पाटी द्यावी लागते, म्हणजे इथे काय लिहायचं ते. अक्षरं साठवायला चिपमध्ये जागा द्यावी लागते, आणि कमीत कमी किती नि जास्तीत जास्त किती अक्षरं मावतील ते ठरवावं लागतं. मराठी अक्षरं चिपमध्ये नसतातच. माझे हे, कोंडीराम, गिरणीत साडीच्या काठाची नक्षी चौकटीच्या कागदावर ठिपक्या-ठिपक्याने उतरवायचे. तसंच बसून मी अक्षरं काढते. काना-मात्रेसकट एकेक अक्षर वेगळं काढावं लागतं. जागा कमी, म्हणून लागतील तेवढीच काढायची. जे काढलेलं नाही तिथे नुसता रिकामा डबा उमटतो.

पहिली पाटी ‘बोट’. दुसरी ‘तांडेल’. तिसरी शेवंताने सांगितली नव्हती, ती मी माझ्या डोक्याने घातली. निघताना तांडेलाने तारीख लिहावी, म्हणजे धक्क्यावर बसलेल्यांना बोट कधीची यायची ते कळेल, असा माझा हिशेब. पाटी लिहिली: ‘परत कधी’.

३

शेवंता बघायला आली तेव्हा टोपली दाराशी ठेवून आत आली. दोन पाट्या अनुजाने वाचून दाखवल्या, खूश झाली. तिसरी वाचल्यावर तिने तोंडावर पदर धरला.

“ह्यो काय केलास तू?”

“का? चुकलं काय?”

“दर्यात निंघनाऱ्याला कवा येशील असं ईचारतात का कोन? खय चाललास असंसुदा नाय ईचारत. तुमच्यातपन नाय ईचारत.”

खरं होतं. आमच्यातही घरातून निघणारा ‘येतो’ म्हणतो, ‘जातो’ म्हणत नाही, आणि चप्पल घातलेल्या माणसाला कुठे म्हणून कोणी हटकत नाही. माझ्या आईने ह्यावरून मला चिमटे काढलेत. पण मी अशी गोष्ट कोणी नको म्हटलं की जास्तच धरून बसते, हे अख्ख्या चाळीला माहीत आहे.

“मी माणसाला कुठे विचारलंय?” मी म्हटलं. “यंत्र विचारतंय. यंत्राला अपशकुन नसतो.”

“आन उत्तर कोन देल?”

“तुझा मुलगा.”

शेवंताने टोपली उचलली. जाताना म्हणाली, “तवर रिकामं ठेव ते. कोरं ठेव.”

तेवढं मी ऐकलं. अनुजाने पहिल्या चौकोनात पद्मसागर लिहिलं, दुसऱ्यात कल्पेश. तिसरा कोरा ठेवला, मशीन बंद केलं आणि कीबोर्ड काढून भिंतीवरच्या खिळ्याला टांगला.

४

दुसऱ्या दिवशी मशीन तासन्‌तास सुरू राहिल्यावर तापतं का, ते बघायचं होतं. सकाळी सेटअपचं पान उघडलं, कीबोर्ड परत काढून खिळ्याला अडकवला आणि पडद्याआड, मोरीपाशी, बोंबील साफ करायला बसले. आमची खोली एकच. मधे जुन्या साडीचा पडदा, अलीकडे टेबल, पलीकडे स्वयंपाक.

खाली मंडपाचं ठाकठोक चालू होतं. नळाची वेळ होती, त्यामुळे गॅलरीत बादल्यांचा आवाज. ह्या सगळ्यातून टेबलावर ‘पी’ असं वाजलं.

हा आवाज मीच बसवलेला. चौकोनात लिहून झाल्यावर एंटर दाबलं की मशीनने वाजावं, म्हणजे बोटीच्या इंजिनच्या गोंगाटात तांडेलाला कळेल की लिहिलेलं साठवलं गेलं.

“अनुजा? आलीस का गो?”

कोणी बोललं नाही. हात तसेच घेऊन मी पडदा कोपराने सारला. दाराला कडी होती. कीबोर्ड खिळ्याला होता, त्याची वायर खाली लोंबत होती.

तिसऱ्या चौकोनात लिहिलं होतं: आलो.

आंघोळीला गेलेल्याला जेवायला हाक मारली की तो आतून ओरडतो, तसं. आलो.

बोंबलाचं पाणी लादीवर गळत होतं, ते नंतर पुसलं.

५

मला मूर्ख समजू नका. आधी जे बघायचं ते सगळं मी बघितलं.

कल्पेशची मस्करी असेल, हे पहिलं मनात आलं. लांबून चालणारा कीबोर्ड मिळतो, गॅलरीत उभं राहून कोणीही लिहील. पेटी उघडली. तसलं काही आत नव्हतं, जोडायला जागाही नव्हती. मग वाटलं चिपमध्ये आधीचा कचरा राहिला असेल. राहतो. पण कचरा कचऱ्यासारखा दिसतो, चिन्हं, डबे, उलटीसुलटी रोमन अक्षरं. त्यातून धड मराठी शब्द निघायचा म्हणजे तांदूळ सांडून रांगोळी व्हावी. तोच प्रोग्राम मी दुसऱ्या तशाच बोर्डात घातला आणि दिवसभर चालू ठेवला. तिथे तिसरा चौकोन कोराच राहिला.

शेवटी अक्षरांची फाइल उघडली.

‘आ’ मी काढलाच नव्हता. ‘लो’सुद्धा नाही. आमच्या बोटीला, तांडेलाला, पाट्यांना ती अक्षरं लागतच नव्हती. तिथे दोन रिकामे डबे दिसायला हवे होते. फाइल पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिली. नव्हती.

मी चष्मा पुसून पडद्याला नाक लावलं. ठिपके कमी पडतात म्हणून मी ‘ल’चा उजवा पाय थोडा आखूड काढते. ती माझी खोड आहे, दुसऱ्या कोणाची असायचं कारण नाही. पडद्यावरच्या ‘लो’चा पाय आखूड होता.

भीती वाटली का? वाटली असेल. पण तिच्याआधी मला दुसरंच वाटलं. इतकी वर्षं मी एकटी बसून ठिपके भरते, माझं काम इतक्या जवळून कधी कोणी बघितलेलं नाही. आणि हा कोणीतरी माझा हात शिकून बसला होता.

६

बोलायचं तर तोंडाने काही उपयोग नव्हता, ते करून पाहिलं. म्हणजे खोलीत एकटीच असताना मशीनला “कोण आहे?” म्हणून विचारलं, आणि मग मलाच हसू आलं. त्याच्याशी बोलायचं तर त्याच्याच पानावर बोलायला हवं. नवी पाटी लिहायची, तिच्याखाली नवा चौकोन घालायचा, अख्खा प्रोग्राम पुन्हा बांधायचा, चिपला चिमटा लावून आत भरायचा, मशीन सुरू करायचं. एक प्रश्न विचारायला माझी अख्खी सकाळ जायची. पण प्रश्न नीट विचार करून विचारला जायचा, हे खरं.

चौथी पाटी लिहिली: ‘कोण’.

बघत बसलं की काही व्हायचं नाही, हे लवकरच कळलं. पडद्याआड गेले, कुकर लावला, आणि ‘पी’ वाजलं.

मी.

आमच्या चाळीत दार वाजलं की आपण आतून कोण म्हणतो, बाहेरचा मी म्हणतो, आणि आपण कडी काढतो. मी म्हणजे कोण हे कोणी विचारत नाही. मला आतापर्यंत ह्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

पाचवी पाटी: ‘कुठून’. ह्या वेळी मी पडद्याआड गेले, पण डब्याचं स्टीलचं झाकण घेऊन. मोरीपाशी पाठमोरी बसले आणि पडद्याच्या फटीतून टेबल झाकणात दिसेल असं धरलं. झाकण वाकडंतिकडं दाखवत होतं. निळा पडदा आणि त्यात हलणारं पांढरं. अक्षर वाचता येत नव्हतं, पण लिहिण्याची चाल दिसत होती. एक अक्षर. थांबणं. पुसणं. पुन्हा एक. कीबोर्डची सवय नसलेला माणूस एका बोटाने की शोधत लिहितो, तसं. खिळ्यावरचा कीबोर्ड जागचा हललाही नाही.

मला, काय सांगू, त्याची थोडी दयाच आली. पी वाजल्यावर मी उठून बघितलं.

इथूनच.

त्या दुपारी अनुजाला काही सांगितलं नाही. ती आली, दोन बोर्ड जोडून गेली. जाताना म्हणाली, “आजी, तू अशी का बघतेयस? काही नवीन शिकलीस का?” मी हो म्हटलं.

सहावी पाटी लिहायला मला वेळ लागला. दारात आलेल्याला पुढे जे विचारतात तेच लिहिलं: ‘कोणाकडे’.

पी लगेच वाजलं. ह्या वेळी शोधाशोध नव्हती.

कल्पेश.

७

आता हे नाव वरच्या ‘तांडेल’च्या चौकोनात लिहिलेलं होतंच. एका चौकोनातलं दुसऱ्यात गळलं असेल, जागा देताना माझा आकडा चुकला असेल. अशी चूक होते, माझ्याकडूनही होते. ते तपासायला सोपी युक्ती होती. ‘तांडेल’मध्ये दुसरंच नाव लिहायचं. तेच खाली उमटलं तर प्रोग्रामची चूक, आणि विषय संपला.

कीबोर्ड लावायला घेतला तेव्हा मशीनच्या मागच्या खाचेत पांढरं दिसलं. पिनांवर बारीक दाणे बसले होते. बोटीवरून दुरुस्तीला येणाऱ्या मशीनांत ते नेहमी असतं. पण हे मशीन खोक्यातून निघून थेट माझ्या टेबलावर आलेलं, समुद्र त्याने पाहिलेला नाही. नखाने खरवडून जिभेला लावलं. खारट. शेवंताने हात लावला असेल, मी मनाला सांगितलं. तिने लावला नव्हता, तिचे हात मासळीचे म्हणून ती लांबच उभी होती.

खाच पुसली. ‘तांडेल’मधलं कल्पेश पुसलं. कोणतं नाव लिहावं? कल्पेशसारखं जिवंत कोणाचं लिहायला बोट धजेना. माझंच बोट, आणि धजेना, ह्याचा मला राग आला. म्हणून लागतील ती अक्षरं काढून चिपमध्ये भरली आणि लिहिलं: कोंडीराम. माझे हे. गेले त्याला किती वर्षं झाली. आता त्यांच्या नावाला कोण काय करणार?

एंटर दाबलं. कीबोर्ड काढून खिळ्याला लावला. पडद्याआड जाऊन बसले. काही करायचं नव्हतं म्हणून रिकामा तवा घासत राहिले.

पी.

‘कोणाकडे’च्या चौकोनात अजून कल्पेशच होतं. पण ‘तांडेल’च्या चौकोनात मी लिहिलेल्या नावापुढे काही वाढलं होतं.

कोंडीराम आहे इथं.

मी खुर्चीवर बसले. पंखा फिरत होता. खाली कोणीतरी दोरी ओढा रे म्हणून ओरडत होतं. मला एकाएकी विचारायच्या इतक्या गोष्टी सुचल्या की त्यांना चिप पुरली नसती. जेवता का. पाय दुखायचा तो थांबला का. मी हे काम करते ते तुम्हाला ठाऊक आहे का. नव्या पाटीची फाइल मी उघडलीसुद्धा.

तेवढ्यात दार ढकलून अनुजा आत आली, आणि तिने पडदा वाचला.

८

तिला सगळं सांगावं लागलं. ती रडली नाही. तिने फोन काढून कल्पेशला लावला, स्पीकरवर.

“काय ते?” कल्पेश धक्क्यावर होता, मागे बर्फ फोडण्याचा आवाज. “व्हायरस असेल गं.”

“व्हायरस नाही. तू उद्या जाऊ नकोस.”

“अगं, बर्फ भरलाय, माणसं आलीत. पावसाळी बंदीनंतरची पहिली फेरी, आई मला पहिल्यांदा तांडेल करतेय, आणि मी सांगू की मशीनने माझं नाव लिहिलं म्हणून घरी बसतो? धक्क्यावर तोंड दाखवता येईल का? जेवायला येतो आता आजींकडे. मशीन पण घेऊन जातो. आजी ऐकतायत ना? आजी, भुताला विचारा सुरमई कुठे लागलीय ते!”

फोन ठेवल्यावर भांडण लागलं ते मी सुरुवातीला सांगितलंच. तिचं म्हणणं चौकोन काढ, प्रोग्राम पहिल्यासारखा कर, किंवा मशीनच मोड. माझं म्हणणं, कल्पेश जाणारच आहे, मशीन असो वा नसो. आणि जो त्याच्यासाठी आलाय त्याच्याशी बोलायची एवढी एकच फट आहे. ती बुजवून बसायचं?

“विचारून काय होणार?” ती म्हणाली. “कसा मरेल ते विचारणार? किती वाजता ते विचारणार?”

“तोंड आवर.”

“तू आवर! तुला आजोबा सापडलेत त्यात. माहितीय मला. म्हणून तुला बंद करवत नाही.”

हे तिने बरोबर ओळखलं होतं.

खालून बाइकचा हॉर्न वाजला. कल्पेशचाच. अनुजा गॅलरीत धावली. कठड्यावरून ओणवून ती त्याला वर येऊ नकोस म्हणून सांगत होती, आणि तो खालून हसत काहीतरी ओरडत होता. मंडपवाल्यांपैकी कोणीतरी शिटी मारली.

मी मशीनकडे वळले. बंद करायलाच वळले असेन, आता आठवत नाही. हात बटणावर होता.

आतापर्यंत ते माझ्यासमोर कधी लिहीत नव्हतं. आता माझ्यासमोर, माझ्या चौकोनांच्या खाली, पान हळूच वर सरकलं. खाली नवी पाटी उमटली. मी लिहिलेली नाही, मी बांधलेली नाही, चिपमध्ये भरलेली नाही. अक्षरं माझ्या हातची होती.

‘बदली’.

आणि पाटीपुढे कोरा चौकोन. त्यात कर्सर लुकलुकत होता.

गिरणीच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. पाळीला कोणी आलं नाही की त्याच्या जागी ज्याला आत घेत तो बदली. कितीतरी माणसं रोज सकाळी गेटपाशी त्यासाठी उभी असायची. मुकादम येऊन विचारायचा, अमक्याच्या जागी कोण? ज्याचं नाव लिहिलं जाई तो आत. ज्याच्या जागी गेला तो त्या दिवशी घरी. मुकादमाला त्यात कोणाशी वैर नसे. साचा, म्हणजे माग, रिकामा ठेवायचा नाही, एवढंच त्याला बघायचं असे.

आजवर प्रश्न मी विचारत होते. हा पहिला त्याचा होता.

मी कीबोर्ड खिळ्यावरून काढला. वायर खाचेत घातली. खाच पुन्हा पांढरी झाली होती, खरवडत बसले नाही. गॅलरीत अनुजा रडू लागली होती, आणि जिन्यावर कल्पेशचे बूट वाजत होते. तो दोन-दोन पायऱ्या चढतो. लहानपणी अनुजाही तशीच चढायची.

लिहिताना मला एका गोष्टीची उत्सुकता होती, खोटं कशाला बोलू. माझ्या नावातली अक्षरं मी चिपसाठी कधीच काढली नव्हती. मला वाटलं रिकामे डबे येतील. ‘सु’ उमटला. ‘भ’ उमटला. ‘द्रा’ तर मी काढला असता त्याहून चांगला उमटला. म्हणजे तिथे कोणीतरी ती आधीच काढून ठेवली होती.

एंटर दाबलं. पी वाजलं.

‘कोणाकडे’च्या चौकोनात कल्पेश होतं ना, त्याचा ‘श’ गेला. मग ‘पे’. कोणीतरी एका बोटाने, शोधत, चुकू नये म्हणून थांबत थांबत पुसत होतं. ‘ल्’ गेला. ‘क’ गेला. चौकोन कोरा झाला, आणि मग त्यात काहीतरी यायला लागलं. मी पडद्यावर पोलक्याचं कापड टाकलं. सगळंच बघायला हवं असं नाही.

ते दोघं एकदम दारात आले. अनुजाचं नाक लाल झालं होतं. कल्पेशच्या शर्टाला बर्फाचं पाणी, हातात जास्वंदीचा हार, मशीनला घालायला आणलेला. तो म्हणाला, “काय आजी, माझ्यावरून युद्ध चाललंय म्हणे?”

“तू बोलू नकोस,” अनुजा म्हणाली, आणि मग माझ्यावर तुटून पडली. “शेवटचं विचारते आजी, बंद करतेस की मी फोडू? कापड कशाला टाकलंस त्यावर? काय केलंस तू? सांग ना, काय लिहिलंस?”

मी शेगडीकडे गेले, भाताचं झाकण काढलं, भात नीट शिजला होता. मग म्हटलं, “त्याच्या जागी मी माझं नाव घातलंय, अनुजा, ते घेतलंही त्यांनी, तू आता ताट घे आणि नवऱ्याला वाढ.”